दादा, खडू कोरडा होता

दादा, नाक्यावर तुझा फलक लागलाय. तुझ्या नितीनने कर्जतवरून करून आणला. त्यावर तुझा तो नोकरीतला फोटो आहे, केस चापून बसवलेले, मान आखडलेली, कुणी पकडून आणून उभं केल्यासारखा. खाली कुठे जन्मलास, पॉवरहाऊसमध्ये किती वर्षं फिटर होतास, मागे कोण कोण आहे, सगळं व्यवस्थित छापलंय. तळाला 'भगिनी' म्हणून माझंही नाव आहे. जाता-येता लोक वाचतात आणि म्हणतात, शांत माणूस होता. शांत! साठ वर्षं तुझ्याशी भांडलेल्या बाईला विचारा म्हणावं.

मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्या पायाच्या पट्टीबद्दल बोलायचंय. आपलं ते भांडण अर्धं राहिलं आणि ते मला एका जागी बसू देत नाही. सकाळपासून तीनदा वही घेऊन बसले नि तीनदा उठले. एकदा दूध बघायला, एकदा झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायला. तिसऱ्यांदा तुझ्या न्हाणीघरापर्यंत गेले आणि तिथे का आले तेच आठवेना, म्हणून परत आले. परवा भाऊबीज आहे. त्याच्या आत हे एकदाचं सांगून टाकते.

पावसाळ्यासाठी पडवीला ठोकलेला पत्रा तू गणपती गेल्यावर एकट्याने काढायला गेलास. रविवारी नितीन आला असता, त्याने काढला असता. पण तुला खिळे दिसले की तुझे हात शिवशिवणार. पत्रा निसटला नि त्याची धार तुझ्या नडगीवरून खाली गेली. तू हळद भरलीस, फडकं बांधलंस आणि चार दिवस कुणाला पत्ता लागू दिला नाहीस. जखम चिघळली, पू झाला, कर्जतच्या डॉक्टरांनी ती चिरून साफ केली, आणि मग नितीनचा मला फोन आला. 'आत्या, माझी इकडे खोपोलीत कामाची पाळी असते, हिची शाळा. तू काही दिवस जाशील का बाबांकडे?' मी कडावचं घर बंद केलं, म्हैस जावेच्या दाराला बांधली आणि पिशवी घेऊन तुझ्या दारात उभी राहिले. तू म्हणालास, "आली का फौजदारीण?"

डॉक्टरांनी फार काही सांगितलं नव्हतं. खा, प्या, थोडं चाला. एक दिवसाआड सिस्टर येऊन ड्रेसिंग करील. फक्त एक गोष्ट पाळा, पट्टी ओली होऊ द्यायची नाही. हे त्यांनी तुझ्याकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं, तिथेच सगळं बिघडलं असं आता वाटतं. त्या दिवसापासून ती पट्टी तुझी राहिली नाही, माझी झाली.

आणि तुझी अंघोळ! तुझ्यासारखा अंघोळवेडा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पॉवरहाऊसवरून आलास की चहासुद्धा नंतर. हातांचं ग्रीस रॉकेलने काढायचं, मग लाल साबण, मग बंबातलं पाणी संपेपर्यंत तांब्यांचा आवाज. वहिनी होती तेव्हा म्हणायची, "तुमचे भाऊ घरी येत नाहीत, थेट न्हाणीत येतात." लहानपणी आई शेतावर गेली की माझी अंघोळ तुझ्याकडे असायची. नदीवर नेऊन तू माझे गुडघे दगडाने असे घासायचास की मी पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं किंचाळायचे. तू म्हणायचास, "गप. मळ वरडतोय, तू नाय." एवढं सगळं माहीत असून मी तुझी अंघोळ बंद केली. पण त्याआधीचं सांगते.

पहिल्या दिवशी तू अंघोळीला जाताना दुधाच्या पिशव्या पायाला गुंडाळल्यास, त्या सुटल्या. मग वहिनीच्या साडीची पिशवी घेतलीस, ती फाटली. तिसऱ्या दिवशी खताच्या गोणीतली आतली जाड पिशवी धुऊन घेतलीस नि शेजारच्याला सांगून कर्जतच्या सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब मागवलीस. कात्रीने तिच्या गोल कड्या कापल्यास. पिशवीत पाय घातलास, गुडघ्याखाली पिशवीच्या तोंडाच्या दोन घड्या घातल्यास, वर ट्यूबची कडी चढवलीस आणि अंगठ्याने चहूबाजूंनी दाबत म्हणालास, "याला पॅकिंग म्हणतात, सुमे. तिकडं पॉवरहाऊसला आख्ख्या डोंगरावरनं पाणी येतंय खाली, त्याला आमी थोपवलंय. हे तर तांब्याभर पाणी."

मी म्हटलं, "तिकडं पाइपाला बांधायचास. हा पाय हाय."

"पाय काय नि पाइप काय, जॉइंट तो जॉइंट."

तेव्हा तू किती खुशीत होतास! निवृत्त झाल्यापासून तुला असं काम मिळालंच नव्हतं. सकाळी उठून चहा घ्यायचास, पिशवी बांधायचास, मग बंब पेटवायचास. पाणी तापेपर्यंत पिशवी बांधलेला पाय समोर ठेवून पडवीतल्या उन्हात बसायचास आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पॅकिंग दाखवायचास. अंघोळीनंतरही ती लगेच सोडायची नाही, पूजा होऊ दे, पाय चुकून ओल्या लादीवर पडायला नको. मग पंचा पसरून, कडी काढून, पिशवी अशी अलगद उतरवायचास की मला हसू यायचं.

कल्पना सिस्टर आली, तिने पट्टी सोडली नि म्हणाली, "आजोबा, पाणी गेलंय आत." पट्टी दमट होती. जखमेच्या कडेची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. तू पट्टीकडे असा बघत राहिलास, कुणी तुझ्या कामात खोट काढल्यासारखा. दुसऱ्या दिवशी कडीवर कडी चढवलीस, तरी पट्टी ओली. तिसऱ्या दिवशी घडीच्या आत जुनं फडकं भरलंस. पट्टी ओलीच.

मग तू खडू आणलास. शेजारच्या मुलीच्या पाटीवरची कांडी मागून घेतलीस, वरवंट्याखाली तिची भुकटी केलीस आणि पिशवी बांधायच्या आधी गुडघ्याखाली चारी बाजूंनी ती फासलीस. मी विचारलं, हे काय नवीन? तू म्हणालास, गळती कुठून होते ते कळत नसलं की आमी जॉइंटला खडू लावतो. पाणी जिथनं जातं तिथं खडू काळा पडतो. अंघोळ झाली. तू मला हाक मारलीस.

"सुमे, हितं ये. बघ. खडू कोरडा हाय."

मी वाकून पाहिलं. कोरडा होता, दादा. पांढराशुभ्र, जसा लावला तसा. आणि खाली पट्टी ओली.

"मग पाणी आभाळातनं पडलं का?" मी म्हटलं.

"त्येच मला कळत नाय."

"मला कळतं. तू न्हाणीत गेलास की पिशवी काढतोस, चांगला पाय धुतोस, परत बांधतोस नि वर नवा खडू लावतोस. मला येडी समजतोस का? खोटारडा हायेस तू, दादा. म्हातारपणी खोटं बोलाया लागलास."

हे माझे शब्द आहेत. एकही बदललेला नाही. अंगणवाडीत तीस वर्षं मी पोरांच्या आयांना तोंडावर बोलत आले. हात न धुता पोराला भरवते नि धुतले म्हणून सांगते, अशा किती जणींना पकडलंय मी. त्या हिशेबाने मी तुलाही पकडलं होतं. माझ्या मनात कणभर शंका नव्हती.

तू ओरडशील असं मला वाटलं. तू ओरडला असतास तर मला आजचं हे लिहावं लागलं नसतं, मी तेव्हाच दोन शिव्या खाऊन गप्प झाले असते. तू बोटाने खडूची भुकटी पुसलीस आणि म्हणालास, "जाऊ दे, सुमे." बस, तेवढंच. आणि मला ते कबूल केल्यासारखं वाटलं.

मग माझ्या तोंडाला कुठला धरबंध! सिस्टरला सांगितलं, आजोबा पाणी ओततात पायावर. शेजारणीला सांगितलं. नितीनला फोन लावला आणि म्हटलं, तुझ्या बापाने माझ्या नाकी नऊ आणलेत, तोंडावर खोटं बोलतो. नितीन म्हणाला, बाबांना दे फोन. तू तो घेऊन पायरी उतरलास, अंगणात पेरूच्या झाडाखाली उभा राहून बोललास. फार वेळ नाही. परत येऊन फोन माझ्या हातात दिलास नि विचारलंस, "झालं समाधान?"

"झालं," मी म्हटलं. आणि खरंच झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी न्हाणीघराला बाहेरून कडी घातली. तुला खुर्चीवर बसवून ओल्या पंचाने अंग पुसायला लागले. पिशवी नको, ट्यूब नको, खडू नको. आणि सिस्टरने पट्टी सोडली तर काय? कोरडी ठणठणीत. मी टाळी वाजवली, दादा. खरंच वाजवली. "बघ! बघ! अंघोळ बंद केली तशी कोरडी झाली का नाय?" तू पट्टीकडे पाहिलंस, नंतर माझ्याकडे.

"हां," म्हणालास. "कोरडी हाय."

तुला अंग पुसून घेणं आवडत नव्हतं. पाठ पुसताना तू डोळे मिटून बसायचास, दुसऱ्याच कुणाची पाठ असल्यासारखा. मी म्हटलं, एवढा हिरमुसू नको, भाऊबीजेला मीच तुला तेल-उटणं लावून न्हाऊ घालीन, पाय धरायला नितीन असेल. तू म्हणालास, "भाऊबीजेपर्यंत मला माश्या लागतील गं." मी हसले. तूही हसलास. त्यानंतर आपण भांडलोही नाही. जखम भरत आली होती, सिस्टर म्हणाली होती आता आठ दिवस.

अंघोळ बंद केल्याच्या बाराव्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन पडवीत आले तर तू खुर्चीत मान टाकून बसला होतास. पेपर मांडीवर होता. मी म्हटलं, चहा निवेल. परत म्हटलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. मी विचारलं, पायामुळे? ते म्हणाले, नाही. मी थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं की पायाचा काही संबंध नाही, जखम तर भरत आली होती. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. मला जे टोचतंय ते वेगळं आहे.

तुला अंगणात पाटावर घेतलं. गावातल्या माणसांनी पाणी आणलं, ऊन ऊन. बाया उंबऱ्यापाशी होत्या. डोक्यावरून पाणी घातलं, छातीवरून घातलं, आणि कुणीतरी पायांकडे तांब्या नेला तशी मी ओरडले, "पायावर नको!" सगळे थांबले. तो तांब्या धरलेला माणूस माझ्याकडे बघतच राहिला. नितीन जवळ आला, त्याने माझे खांदे धरले नि म्हणाला, "आत्या, आता घालू दे." मग त्यांनी घातलं. बारा दिवसांनंतरची तुझी अंघोळ होती ती. पट्टी भिजून पिवळी झाली आणि मी बघत राहिले.

थांब जरा. सिलिंडरवाला आला होता. उठले तशी चार भांडीही घासून आले, एका हाताने. एका हाताने का, तेच आता सांगते.

तुझ्या तेराव्याला वडे तळत होते. कढईत वडा जरा जोरात सोडला नि तेल डाव्या हातावर आलं, मनगटापासून बोटांपर्यंत. फोड आले. कल्पना सिस्टरच आली, मलम लावून पट्टी बांधली नि म्हणाली, "आत्या, ही ओली करायची नाही हं." मला हसूच फुटलं. पाहुण्यांना वाटलं बाई दुःखाने चळली.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करायची तर काय बांधू? न्हाणीघरात खिळ्यावर तुझी पिशवी आणि ट्यूबच्या कड्या तशाच होत्या. एक लहान पिशवी बघितली, कोपराखाली दोन घड्या घातल्या, ट्यूबची कडी दातांनी धरून चढवली. ती चढवतानाच माझा घाम निघाला. बंबाचं पाणी तापायचं होतं, तोवर पडवीत बसले, कोण भेटायला आलं त्यांच्याशी बोलले. मग न्हाणीत गेले. डावा हात खिडकीच्या फळीवर वर ठेवला, एका हाताने तांब्या घेतला. दादा, मी त्या हाताच्या बाजूला पाणीच घेतलं नाही. डाव्या खांद्यावरसुद्धा नाही. बाहेर आले, लुगडं नेसले, मग पिशवी सोडली.

पट्टी ओली होती.

मी ती बोटांनी दाबून पाहिली. नाकाशी नेली. पिशवी उलटी करून पाहिली, कुठे भोक आहे का ते बघायला तिच्यात पाणी भरलं, एक थेंब गळला नाही. मी सिस्टरला फोन लावला, ती कळंबला दुसऱ्या पेशंटकडे होती.

"घाम असतो तो, आत्या," ती म्हणाली. "पिशवीत हवा नाही, त्यात हे ऊन. न्हाणीत शिरताना बांधायची, भराभर अंघोळ करायची नि बाहेर आल्या आल्या सोडायची. तुम्ही किती वेळ ठेवली?"

मी म्हटलं, तासभर. मग मी तिला विचारलं, आजोबांचाही घामच असेल का? "असेल," म्हणाली. "पण तुम्हीच म्हणालात ना, ते पाणी ओततात म्हणून. मग मी दुसरा विचारच केला नाही."

तिचं काही चुकलं नाही. चुकणारं माणूस इथे एकच होतं.

तरी माझं मन मानेना. भाजलेल्या हाताला पाणी सुटत असेल, तुझ्या पायाचं वेगळं असेल, असं काहीतरी शोधत राहिले. खरं सांगते, मला तू खोटा निघायला हवा होतास. तू खोटा असलास तर माझं काहीच जात नव्हतं. म्हणून काल सकाळी मी माझ्या उजव्या पायाला, चांगल्या धडधाकट पायाला, कोरडा सुती रुमाल गुंडाळला. वर तुझी ती खताची पिशवी, दोन घड्या, दोन कड्या. कडेने खडू फासला. आणि पडवीत तुझ्याच जागी उन्हात जाऊन बसले. अंघोळ नाही, पाणी नाही. घड्याळाकडे बघत तासभर बसले. शेजारीण दूध द्यायला आली, तिने पिशवीतला पाय पाहिला नि विचारलं, "आत्या, पायाला काय झालं?" मी म्हटलं, "काय नाय. खरं-खोटं करतेय." ती दूध ठेवून निघून गेली, दोनदा मागे वळून बघत.

तासाभराने सोडलं. खडू पांढराशुभ्र. रुमाल पिळला असता तर पाणी निघालं असतं.

तेव्हा मला तुझीच गोष्ट आठवली. तूच सांगायचास, पावसाळ्यात पॉवरहाऊसमधल्या गार पाइपांवर बाहेरून थेंब जमतात, त्याला तुम्ही पाइपाला घाम आला म्हणता. नवी पोरं ते बघून 'गळती, गळती' करत धावत यायची आणि तू त्यांना पुसून दाखवायचास की जॉइंट धड आहे, पाणी आतून आलेलं नाही. किती वर्षं हसवलंस आम्हाला ती गोष्ट सांगून. आणि तोच तू, इतका हुशार फिटर, स्वतःच्या पायाला घाम येतो हे विसरलास! सगळी नजर त्या जॉइंटवर. पाणी बाहेरूनच येणार, दुसरीकडून येऊच शकत नाही, असं धरून बसलास नि कडीवर कडी चढवत गेलास. जितकं घट्ट बांधलंस तितका पाय भिजला. शहाण्या, मला एकदा म्हणाला असतास, की सुमे तूच बांधून बघ, तर मी बांधून पाहिलं असतं. नाही, बहुतेक नसतंच पाहिलं. हेही लिहून टाकते.

मी तुझं इतकं काही देणं लागते, हे मला या घरात बसून रोज आठवतं. लग्न होऊन कडावला गेले तेव्हा उन्हाळ्यात राजनाल्याच्या कालव्याचं पाणी आमच्या बांधाला लागलं की मी सासूला सांगायचे, माझ्या दादाने सोडलं. ते पाणी तुमच्या पॉवरहाऊसमधून निघून नदीला लागतं एवढंच मला माहीत. तू म्हणायचास, "मी कसला सोडतो गं, मी पॅकिंग बदलतो नुसता." पण आमची उन्हाळी भातं त्याच पाण्यावर उभी राहिली, आणि मालक गेल्यावर मी एकटीने शेत केलं ते पाण्याकडे बघून माहेर आठवत. एवढ्या पाण्यात वाढवलंस मला. आणि मी तुला बारा दिवस तांब्याभर दिलं नाही.

पण ह्याने भागत नाही. मी तुला खोटारडा म्हटलं ते चार भिंतींत राहिलं असतं तर मी माझ्यापुरती रडून मोकळी झाले असते. मी ते नितीनच्या मनात घातलं. तुझ्या पोराने तुझ्याशी बोललेलं शेवटचं बोलणं म्हणजे पेरूखालचा तो फोन. त्यानंतर त्याची पाळी बदलली, रविवारी येणं झालं नाही. त्याच्या लेखी त्याचा बाप शेवटी शेवटी खोटं बोलायला लागला होता. हे त्याला सांगायलाच हवं. पण सांगितलं तर? तो म्हणेल, मग मी बाबांना जे बोललो ते? आज तो निदान एवढ्या समाधानात आहे की आपण बापाच्या भल्यासाठी बोललो. ते समाधान मी काढून घेऊ? तू गेलास, तुला आता काही लागत नाही. त्याला अजून चाळीस वर्षं काढायचीत त्या फोनबरोबर.

काल दिवसभर मी हेच करत होते. फोन हातात घ्यायचा, ठेवायचा. एकदा नंबर लावला नि त्याने उचलल्यावर दिवाळीला पोहे पाठवू का असं विचारून ठेवून दिला. घरात दुखवटा असताना कसली दिवाळी नि कसले पोहे. रागावलेल्या तुझ्या तोंडाची मला सवय आहे, पण त्या दिवशी 'जाऊ दे, सुमे' म्हणणारं तोंड डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी ठरवलं, पोराला दुखलं तर दुखू दे. बाप खरा होता हे कळून दुखलेलं बरं.

आज सकाळी त्याची पाळी सुटायच्या वेळेला फोन केला. सगळं सांगितलं. हात, पिशवी, रुमाल, खडू. "नितीन, तुझ्या बापाने पायावर पाणी घेतलं नव्हतं रं. एक थेंब नाय. मी खोटी पडले. तू त्याला जे काय बोललास ते माझ्यामुळं, ते माझ्या माथी. तू वाईट वाटून घेऊ नको."

पलीकडे तो गलक्यातून बाजूला गेला.

"आत्या," तो म्हणाला, "असं कसं होईल? बाबांनी तर कबूल केलं होतं मला."

"काय कबूल केलं?"

"मी रागावलोच होतो. म्हटलं, लहान पोरासारखं खोटं काय बोलता. तर ते म्हणाले, हां रं, मीच ओततो पाणी. राहवत नाय अंघोळीबिगर. आत्याचं बरोबर हाय, तू तिला उलटून काय बोलू नको, ती तिचं घरदार टाकून हितं राह्यलीय. आता नाय करणार. मग मी पण जास्त काही बोललो नाही. म्हटलं, ठीक आहे बाबा, पाय सांभाळा. तसं हसून ठेवला त्यांनी फोन." मग तो म्हणाला, "आत्या, ते खरं नव्हतं?"

मी म्हटलं, "नाय."

तो रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. मग त्याने विचारलं, "पण त्यांनी असं का सांगितलं?" मी म्हटलं, तू घरी ये, मग बोलू. फोन ठेवला आणि पहिल्यांदा तुला एक सणसणीत शिवी घातली, आपल्या आईने ऐकली असती तर माझं थोबाड फोडलं असतं. कुणी सांगितलं होतं तुला मला जिंकवायला? पोरासमोर मला खोटी पडू द्यायचं नाही म्हणून स्वतः खोटा झालास, परत येऊन 'झालं समाधान' विचारलंस, बारा दिवस पाठ पुसून घेतलीस, आणि मी टाळ्या वाजवत राहिले.

दादा, तू खोटं बोलत नव्हतास. नितीनला कळलं, सिस्टरला कळलं, शेजारणीलाही मी आज भिंतीवरून ओरडून सांगितलं. फक्त तुला सांगायचं राहिलं, आणि खोटारडा म्हटलं होतं ते तुलाच.